माणसांची मते, बेटांची मते

निवडणुकांचा इतिहास वाचताना आपली दृष्टी साहजिकच मोठ्या राष्ट्रांकडे वळते. कोट्यवधी मतदार, बलाढ्य पक्ष आणि गाजलेले प्रचारदौरे यांनी त्या इतिहासाची पाने भरलेली असतात; लहान राष्ट्रांच्या वाट्याला फार तर एखादी तळटीप येते. तथापि लोकशाहीपुढील काही अवघड प्रश्न लहान राष्ट्रांतच अधिक स्वच्छ दिसतात. संख्येने मोठा असलेल्याने संख्येने लहान असलेल्याबरोबर एका घरात कसे नांदावे, हा त्यांपैकी एक प्रश्न होय. प्रशांत महासागरातील मायक्रोनेशिया संघराज्याने या प्रश्नाला आपल्या काँग्रेसच्या निवडणुकीतून जे उत्तर दिले, त्याचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे. येथे ‘काँग्रेस’ म्हणजे पक्ष नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. ती त्या देशाची एकसभागृही संसद आहे. आणि त्या देशात राजकीय पक्ष असे नाहीतच.

फिलिपाइन्सच्या पूर्वेस, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस हा देश पसरला आहे. त्याची बेटे सहाशेहून अधिक. परंतु सर्व बेटांची जमीन एकत्र केली तरी ती सुमारे ७०० चौरस किलोमीटरच भरते. ही मूठभर जमीन पूर्व-पश्चिम अडीच हजार किलोमीटरांहून अधिक समुद्रावर विखुरलेली आहे. याप, चुक, पोन्पेई आणि कोसराए अशी चार राज्ये या संघात आहेत. २०१० च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १,०२,८४३ भरली. तीपैकी चुकमध्ये ४८,६५४, पोन्पेईमध्ये ३६,१९६, यापमध्ये ११,३७७ आणि कोसराएमध्ये अवघे ६,६१६ लोक होते. प्रत्येक राज्याची भाषा निराळी, काही राज्यांत तर एकाहून अधिक भाषा. परस्परांशी बोलण्यासाठी इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो. देशातील निम्म्याच्या आसपास लोक कॅथलिक आहेत. कोसराए मात्र जवळजवळ संपूर्णपणे प्रॉटेस्टंट आहे. अशा लोकांनी एक संसद निवडावयाची म्हणजे मते कशी मोजावयाची? केवळ डोकी मोजली, तर चुकपुढे कोसराएचा आवाज कोणालाही ऐकू जाणार नाही. केवळ राज्ये मोजली, तर कोसराएच्या एका माणसाचे वजन चुकच्या सात माणसांइतके होईल. हा पेच त्या देशाच्या जन्मापूर्वीपासूनचा आहे.

तो सुटला कसा, हे पाहण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. या बेटांच्या लोकांना त्यांचे मत शतकभर कोणी विचारलेच नव्हते. १८८५ साली जर्मनीच्या युद्धनौकेने यापवर आपला ध्वज उभारला. स्पेन ही बेटे आपली मानीत असे. त्यामुळे माद्रिदमध्ये संताप उसळला आणि दोन राष्ट्रांत युद्ध होते की काय, अशी वेळ आली. तेव्हा जर्मनीचे चॅन्सलर बिस्मार्क यांनी मध्यस्थ म्हणून पोप लिओ तेरावे यांचे नाव सुचविले. पोपमहोदयांनी स्पेनचे सार्वभौमत्व मान्य केले, जर्मनीला व्यापाराची मोकळीक दिली आणि युद्ध टळले. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, याच पोपमहोदयांनी भारतात धर्मप्रांतांची रीतसर श्रेणीरचना केली आणि मुंबई महाधर्मप्रांत झाला, हे आपल्या वाचकांना स्मरत असेल. शांततेचा मध्यस्थ म्हणून लिओ तेरावे यांचे नाव कॅरोलाइन बेटांच्या या प्रकरणात आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या निवाड्याच्या वेळी ज्यांच्या भूमीविषयी वाद होता, त्या बेटवासीयांपैकी कोणीही समोर नव्हता, हेही तितकेच खरे. त्या काळाची रीतच तशी होती, असे म्हणून आपण पुढे जाऊ शकत नाही. त्या रीतीची किंमत लवकरच मोजावी लागली. १८८७ साली पोन्पेईवर स्पेनची सत्ता आणि तिच्याबरोबर कापुचिन धर्मगुरू आले. सक्तीच्या श्रमाने रस्ते बांधणाऱ्या राज्यपालाविरुद्ध काही महिन्यांतच लोकांनी उठाव केला आणि त्यात राज्यपाल मारला गेला.

त्यानंतरचे हस्तांतरही तसेच झाले. १८९९ मध्ये अमेरिकेकडून पराभूत झालेल्या स्पेनने ही बेटे जर्मनीला अडीच कोटी पेसेटांना विकली. १९१४ मध्ये जपानने ती जर्मनीकडून घेतली आणि पुढे राष्ट्रसंघाने त्याला तेथील कारभाराचा अधिकार दिला. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४४ मध्ये, त्या वेळी ट्रुक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चुकच्या सरोवरात अमेरिकन विमानांनी जपानी जहाजांचा काफिला बुडविला. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ही बेटे विश्वस्त प्रदेश म्हणून अमेरिकेच्या स्वाधीन केली. साठपासष्ट वर्षांत चार धनी झाले. पण बेटांवरील एकाही माणसाने त्यासाठी मत दिले नव्हते.

मत देण्याची सवय हळूहळू लागली. गावपातळीवर व जिल्हापातळीवर लहान विधिमंडळे निघाली. २८ सप्टेंबर १९६४ रोजी अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याने ‘काँग्रेस ऑफ मायक्रोनेशिया’ स्थापण्याचा हुकूम काढला. जानेवारी १९६५ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली आणि १२ जुलै १९६५ रोजी सायपान येथे पहिले अधिवेशन भरले. तेव्हा मारियाना, याप, पलाऊ, ट्रुक, पोन्पेई आणि मार्शल असे सहा जिल्हे होते. कोसराए पोन्पेईतच मोडत असे. वरिष्ठ सभागृहात प्रत्येक जिल्ह्याचे दोन याप्रमाणे १२ सदस्य आणि कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येप्रमाणे २१ सदस्य होते. अमेरिकन उच्चायुक्ताला नकाराधिकार होता आणि अमेरिकेकडून येणाऱ्या पैशावर या काँग्रेसची सत्ता चालत नसे. अधिकार थोडे होते; तरीही दूरदूरच्या बेटांतील माणसे प्रथमच एका मेजाभोवती बसली आणि आपण एक लोक आहोत काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

या पिढीच्या घडणीत ख्रिस्तसभेचाही वाटा आहे. १९५२ साली येशूसंघीय धर्मगुरूंनी चुकमधील वेनो बेटावर, जपानी लष्कराने दळणवळणासाठी बांधलेल्या भक्कम इमारतीत झेवियर हायस्कूल सुरू केले. ज्यांचे पवित्र शरीर गोव्यात विसावले आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचेच हे नाव. निरनिराळ्या बेटांची मुले या शाळेत एकत्र राहिली, एकमेकांच्या भाषा ऐकत वाढली आणि पुढे देशाच्या कारभारात शिरली. २००७ ते २०१५ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेले मानी मोरी याच शाळेचे विद्यार्थी. याच शाळेत शिकविणारे येशूसंघीय फादर फ्रान्सिस हेझेल यांनी या बेटांचा इतिहास लिहून काढण्यात आयुष्य वेचले. पुढे १९८७ मध्ये चुकचे सुपुत्र अमांडो सामो साहाय्यक महागुरू आणि १९९५ मध्ये कॅरोलाइन बेटांच्या धर्मप्रांताचे महागुरू झाले. परदेशी मिशनऱ्यांनी उभारलेल्या ख्रिस्तसभेची धुराही अशा रीतीने स्थानिक खांद्यांवर आली.

१२ जुलै १९७५ रोजी सायपान येथे घटना परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते तोसिवो नाकायामा. त्यांचा जन्म १९३१ सालचा. माता चुककडील बेटाची, पिता जपानी. युद्ध संपल्यावर पित्याला जपानला परत पाठविण्यात आले आणि मुलगा बेटावरच राहिला. एका सत्तेच्या जाण्याने आणि दुसरीच्या येण्याने घर कसे मोडते, हे त्यांनी बालपणीच अनुभवले होते. शांत, मितभाषी स्वभावाच्या या गृहस्थाच्या वाट्याला फुटू पाहणाऱ्या परिषदेला एकत्र ठेवण्याचे काम आले. मारियाना बेटांनी त्याच वर्षी १७ जून रोजी सार्वमताने अमेरिकेशी कायमचे जोडून घेण्याचा निर्णय घेतला होता. पलाऊ आणि मार्शल बेटे साशंक होती. मोठ्या जिल्ह्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या, लहानांना समान जागा हव्या होत्या. नोव्हेंबरपर्यंत परिषद चालली आणि मसुदा तयार झाला. समुद्र आपल्याला दुरावीत नाही, तो आपल्याला जोडतो, अशा अर्थाचा विचार त्या घटनेच्या प्रास्ताविकात आहे. समुद्राला भिंत न मानता वाट मानणाऱ्या दर्यावर्दी लोकांनाच असा विचार सुचावा.

१२ जुलै १९७८ रोजी या घटनेवर सार्वमत झाले. बेटांच्या इतिहासात प्रथमच लोकांना विचारण्यात आले, ‘तुम्हांला एकत्र राहावयाचे आहे काय?’ याप, ट्रुक, पोन्पेई आणि नुकताच स्वतंत्र जिल्हा झालेला कोसराए यांनी होकार दिला. पलाऊ आणि मार्शल बेटांनी नकार दिला. ज्यांनी नकार दिला, त्यांच्यावर कोणी बळजोरी केली नाही. ते आपापल्या वाटेने गेले आणि आज स्वतंत्र राष्ट्रे आहेत. ज्यांनी होकार दिला, त्यांचे संघराज्य १० मे १९७९ रोजी अस्तित्वात आले. नाकायामा पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तर काँग्रेसचे पहिले सभापतिपद जुन्या काँग्रेसमध्ये सभापती राहिलेले पोन्पेईचे बेथवेल हेन्री यांच्याकडे आले. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेशी ‘मुक्त सहयोगाचा करार’ अमलात आला आणि १७ सप्टेंबर १९९१ रोजी हा देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला.

आता त्या काँग्रेसच्या रचनेकडे वळू. तिचे सदस्य चौदा. प्रत्येक राज्यातून एक सदस्य संपूर्ण राज्याच्या मतांवर चार वर्षांसाठी निवडला जातो, हे चार. उरलेले दहा लोकसंख्येप्रमाणे आखलेल्या मतदारसंघांतून दोन वर्षांसाठी निवडले जातात. त्यांपैकी पाच चुकचे, तीन पोन्पेईचे आणि याप व कोसराए यांचा प्रत्येकी एक. निवडणूक विषम वर्षी मार्च महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होते. अठरा वर्षांच्या नागरिकास मताचा अधिकार आहे. उमेदवार मात्र किमान तीस वर्षांचा, पंधरा वर्षे नागरिक असलेला आणि पाच वर्षे त्या राज्यात राहिलेला असावा लागतो.

परंतु खरी मेख जागांच्या वाटपात नाही, ती मतमोजणीच्या रीतीत आहे. विधेयक दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वाचनांतून पार पडावे लागते. पहिल्या वाचनात सदस्यांची डोकी मोजतात आणि एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतांची गरज असते. अंतिम वाचनात मात्र प्रत्येक राज्याच्या सदस्यांनी मिळून एकच मत द्यावयाचे असते आणि तेथे राज्यांची दोन-तृतीयांश मते लागतात. म्हणजे चारांपैकी तीन राज्ये अनुकूल हवीत. अशा प्रकारे एकाच सभागृहात आधी माणसांची मते मोजली जातात आणि मग बेटांची. चुकचे सहा आणि पोन्पेईचे चार सदस्य एकत्र आले, तर पहिले वाचन जिंकतील. अंतिम वाचनात त्यांची मते दोनच भरतील आणि याप वा कोसराए यांपैकी एकाचे मन वळविल्याखेरीज कायदा होणार नाही. उलटपक्षी, याप, कोसराए आणि पोन्पेई ही तीन राज्ये एक झाली, तरी त्यांचे सदस्य आठच. दहाचा आकडा गाठण्यासाठी त्यांना चुककडे जावेच लागते. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याला डावलून पुढे जाता येत नाही.

राष्ट्राध्यक्षाची निवडही काँग्रेसच करते आणि तीही चार वर्षांच्या चार सदस्यांमधूनच. उपराष्ट्राध्यक्ष दुसऱ्या राज्याचा असावा लागतो. निवड होताच त्या दोघांच्या जागा रिकाम्या होतात आणि तेथे पोटनिवडणूक घेतली जाते. म्हणून ज्याला देशाचा प्रमुख व्हावयाचे आहे, त्याने आधी आपल्या राज्याच्या मतदारांसमोर जावे लागते. २००३ मध्ये पोन्पेईचे लिओ फाल्कम आणि २०२३ मध्ये पोन्पेईचेच डेव्हिड पान्युएलो, हे दोघे राष्ट्राध्यक्षपदी असताना काँग्रेसची निवडणूक हरले आणि त्याबरोबर त्यांचा पुन्हा राष्ट्राध्यक्ष होण्याचा मार्गही बंद झाला. पान्युएलो यांनी चीनच्या हस्तक्षेपाविषयी इशारा देणारे प्रदीर्घ पत्र लिहिल्यामुळे त्या वेळी त्यांचे नाव जगाच्या वृत्तपत्रांत गाजत होते. परंतु त्यांचा निकाल पोन्पेईच्या मतपेट्यांनी आधीच लावला होता. मे २०२३ मध्ये चुकचे वेस्ली सिमिना राष्ट्राध्यक्ष झाले. पहिल्या चार राष्ट्राध्यक्षांकडे पाहिले, तर ते अनुक्रमे चुक, याप, पोन्पेई आणि कोसराए या चार निरनिराळ्या राज्यांचे होते. त्यांतील चौथे, जेकब नेना, हे बेली ओल्टर आजारी पडल्यामुळे उपराष्ट्राध्यक्षपदावरून वर आले.

परंपरागत सरदारांचे काय करावे, हाही प्रश्न घटनाकारांपुढे होता. पोन्पेईत ‘नान्म्वारकी’ या सर्वोच्च सरदारांना आजही मोठा मान आहे. राज्याने ठरविल्यास काँग्रेसमधील आपली एक जागा परंपरागत सरदारासाठी राखून ठेवावी, अशी मुभा घटनेत आहे. यापने तर आपल्या राज्यघटनेत सरदारांच्या दोन परिषदांना स्थान दिले आहे. एक मुख्य यापची, दुसरी बाहेरच्या बेटांची. रूढीच्या विरोधात जाणारा कायदा नाकारण्याचा अधिकार त्यांना आहे. मतपेटी आली म्हणून वडीलधाऱ्यांचा शब्द मोडीत निघाला नाही. त्याला त्याची मर्यादा आणि त्याची जागा मिळाली.

हे सर्व वाचून ही व्यवस्था निर्दोष आहे, असा कोणाचा समज होऊ नये. चुक आणि पोन्पेई येथे कुळ आईकडून चालते; तरीही १९७९ पासून काँग्रेसमध्ये एकही स्त्री निवडून आली नव्हती. २०२१ मध्ये चुकमधून पर्पेचुआ कोन्मन निवडून आल्या, तेव्हा बेचाळीस वर्षांची ही उणीव प्रथमच भरून निघाली. पक्ष नसल्यामुळे पक्षांतराचा रोग नाही, हे खरे. पण मग मत धोरणापेक्षा नात्याला, गावाला आणि सदस्याच्या हातून होणाऱ्या लहानसहान कामांना पडण्याचा धोका राहतो. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा, ही मागणी अनेकदा पुढे आली आहे. परंतु घटनादुरुस्तीसाठी किमान तीन राज्यांत, प्रत्येकी तीन-चतुर्थांश मते अनुकूल पडावी लागतात. लहानांच्या रक्षणासाठी लावलेले कुलूप सुधारणेच्या दारालाही लागते.

सर्वांत खोल दुखणे चुकचे आहे. देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या तेथे राहते. आपल्या संख्येच्या मानाने आपल्याला न्याय मिळत नाही, ही भावना तेथे बळावली आणि संघातून बाहेर पडण्यासाठी चळवळ सुरू झाली. त्यासाठी २०१५ मध्ये योजलेले सार्वमत पुढे ढकलण्यात आले, २०१९ मध्येही तेच झाले. एकीकडे हजारो नागरिक कामासाठी व शिक्षणासाठी ग्वाम, हवाई आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे निघून गेले आहेत. मुक्त सहयोगाच्या करारामुळे त्यांना व्हिसाची गरज पडत नाही. हा करार २०२४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने आणखी वीस वर्षांच्या आर्थिक साहाय्यासह मंजूर केला. पैसा बाहेरून येतो आणि माणसे बाहेर जातात, अशा देशात एकत्र राहण्याचे कारण प्रत्येक पिढीला नव्याने पटवून द्यावे लागते.

तरीही आम्हांला या इतिहासात मोलाचे काही दिसते. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी आपल्या परिपत्रकात पूरकतेचे तत्त्व मांडले. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या समूहाने त्याच्याकडून हिरावून घेणे हा अन्याय आहे, असा त्याचा आशय आहे. मायक्रोनेशियाच्या घटनाकारांनी ते परिपत्रक समोर ठेवून मसुदा केला, असा आमचा दावा नाही. आपापल्या बेटांच्या अनुभवातूनच ते त्याच निष्कर्षाला पोहोचले असावेत. संख्या हे सत्य आहे, पण ते एकमेव सत्य नाही. साडेसहा हजारांचे कोसराए हेही एक संपूर्ण लोक आहे, त्याची भाषा आहे, त्याचे पूर्वज आहेत, त्याचे प्रार्थनामंदिर आहे. कॅथलिकांची संख्या मोठी असलेल्या या संघात प्रॉटेस्टंट कोसराएच्या मतालाही चारांतील एक मत म्हणून स्थान मिळाले, याची आपण विशेष नोंद घेतली पाहिजे.

आपण स्वतः या देशात संख्येने लहान समाज आहोत. म्हणून लहानांची मते वेगळी मोजणाऱ्या व्यवस्थेचे आपल्याला कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चुकची तक्रारही आपण तितक्याच लक्षपूर्वक ऐकली पाहिजे. कारण आपल्या धर्मग्रामांत, संस्थांत आणि गावांत कित्येकदा आपणच मोठे असतो आणि दुसरा कोणीतरी लहान असतो. तेथे केवळ हात वर करून ठराव संमत करून घेणे सोपे असते. अल्पमतात राहिलेल्यांपैकी निदान एकाचे मन वळल्याशिवाय पुढे न जाण्याचे बंधन स्वतःवर घालून घेणे मात्र कठीण असते. १८८५ साली ज्या बेटांविषयी त्यांना न विचारता निवाडा झाला, त्यांनी १९७५ साली आपल्यातील सर्वांत लहानालाही विचारल्याशिवाय कायदा न करण्याचे ठरविले. नव्वद वर्षांच्या अबोल्यातून हे लोक एवढे शिकले, ही त्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठी कमाई आहे, असे आम्हांला वाटते.